आयरिश लोकांची बोलण्याचालण्याची रीत

आयर्लंडांतील एखाद्या गृहस्थास आपण इंग्रजींत विचारलें, "आपण चहा घेतला काय?" तर तो बहुधा नुसतें "होय" असें म्हणणार नाहीं. "घेतला," असें तो म्हणेल. "उद्यां येणार काय?" या प्रश्नास त्याचें उत्तर "येईन" किंवा "येणार नाहीं" असें येईल. इंग्लंडांतील मनुष्यास हीं उत्तरें थोडीं चमत्कारिक वाटतात. परंतु मराठी मुलास त्यांत नवल तें काय? आपल्या घरीं आई "जेवलास का?" म्हणून विचारते, तेव्हां आपणहि "जेवलों" असेंच सांगतों. आयरिश मनुष्याच्या या संवयीचें कारण असें कीं, त्याच्या पूर्वजांच्या भाषेंत 'होय' आणि 'नाहीं' या अर्थाचे स्वतंत्र शब्दच नाहींत. प्रश्नांतील क्रियापद उचलावें आणि तेंच उत्तरादाखल परत करावें, अशी तिची रीत आहे. आज ज्याला ती भाषा धड बोलतां येत नाहीं, असा आयरिश मनुष्यहि इंग्रजी बोलतांना ही रीत पाळतो, आणि आपण ती पाळतों हें त्याच्या ध्यानींमनींहि नसतें.

आयरिश लोकांच्या नित्याच्या व्यवहारांत ज्या गोष्टी परक्यास विक्षिप्त वाटतात, त्यांपैकीं बऱ्याच गोष्टी अशा रीतीनें एका मागें पडलेल्या भाषेच्या खुणा आहेत. ती भाषा गेली कशी, आणि गेल्यावरहि उरली कशी, तें या लेखांत पाहूं.

आयर्लंड हें इंग्लंडच्या पश्चिमेस असलेलें बेट आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें 84 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून थोडेंसें अधिक. बेटाचा मोठा भाग 1922 सालीं ब्रिटिश अंमलांतून बाहेर पडला व 1949 पासून तें प्रजासत्ताक राज्य आहे. ईशान्येकडील सहा काउंट्या मात्र ब्रिटनच्या राज्यांतच राहिल्या. या लोकांची मूळ भाषा आयरिश. तिला गेलिक असेंहि म्हणतात. ती इंग्रजीची बोली आहे असा कित्येकांचा समज असतो, परंतु तो चुकीचा आहे. ती केल्टिक शाखेंतील स्वतंत्र व प्राचीन भाषा असून, संस्कृत व मराठी ज्या मोठ्या कुलांत मोडतात, त्याच कुलांत तिचीहि गणना होते. तिच्यांत राजास 'री' म्हणतात, पुरुषास 'फॅर' म्हणतात, आणि जुन्या भाषेंत घोड्यास 'अख' म्हणत. राजन्, वीर आणि अश्व या आपल्या शब्दांचे हे दूरचे भाऊबंद होत. वाक्याची ठेवण मात्र आपल्या अगदीं उलट: आपलें क्रियापद वाक्याच्या शेवटीं बसतें, तर त्यांचें सर्वांच्या पुढें धांवतें.

तरीहि मराठी मुलास ही भाषा इंग्रज मुलापेक्षां कांहीं बाबतींत लवकर उमगेल, असें मला वाटतें. इंग्रजींत 'मी पुस्तक बाळगतों' अशा थाटाचें वाक्य करावें लागतें. आयरिश भाषेंत 'पुस्तक माझ्यापाशीं आहे' असें म्हणतात. 'मी भुकेला आहें' असें आयरिश मनुष्य आपल्या भाषेंत म्हणत नाहीं; 'भूक माझ्यावर आहे' असें म्हणतो. क्षमा मागावयाची झाली तर 'दुःख माझ्यावर आहे' एवढेंच शब्द त्यास पुरतात. आपल्याकडेहि भूक लागते, राग येतो, झोंप येते. जणूं काय हे सारे पाहुणेच. आपल्या पायांनीं आले, तसे उठून जातीलहि. एवढ्यावरून दोन भाषांच्या जवळच्या नात्याचा सिद्धांत मांडणें उतावीळपणाचें होईल, कारण जगांतील इतरहि पुष्कळ भाषांत अशी रचना आढळते. परंतु ज्याच्या कानास ही रचना परिचित आहे, त्यास आयरिश लोकांचें इंग्रजी कां वांकडें वाटतें तें चटकन कळतें. 'मी जेवणाच्या नंतर आहें' असें वाक्य इंग्रजींत एखादा आयरिश मनुष्य बोलला, म्हणजे तो नुकताच जेवून उठला आहे असें समजावें. तें आयरिश वाक्याचें शब्दशः भाषांतर होय. इंग्रजींत एकास व अनेकांस एकच 'यू' चालतें. आयरिश भाषेंत तसें नाहीं. म्हणून इंग्रजी बोलूं लागल्यावर आयरिश लोकांस ही उणीव खटकली आणि अनेकांसाठीं त्यांनीं 'यी', 'यूझ' असे शब्द प्रचारांत आणले.

प्रत्येक आयरिश लकब मात्र मूळ भाषेंतूनच आली असें समजूं नये. गप्पागोष्टी, हंसणें, गाणें यांनीं रंगलेल्या बैठकीस तेथें 'क्रॅक' म्हणतात, आणि आयरिश वर्णांत लिहिलेला तो शब्द पाहून प्रवासी त्यास प्राचीन मानतात. वस्तुतः तो स्कॉटलंड व उत्तर इंग्लंड यांकडून आलेला साधा शब्द आहे. त्यास आयरिश पोषाख मागाहून चढविण्यांत आला.

आतां ही भाषा गेली कशी? 1831 सालीं सरकारनें आयर्लंडांत राष्ट्रीय शाळांची योजना सुरू केली. शिक्षण इंग्रजींत होतें, आणि ज्या मुलांच्या घरीं आयरिशखेरीज दुसरा शब्द बोलला जात नसे, त्यांसहि तें इंग्रजींतच मिळे. कित्येक ठिकाणीं मुलाच्या गळ्यांत दोरीनें एक काठी बांधीत. मुलाच्या तोंडून आयरिश शब्द निघाला कीं काठीवर एक खांच पाडावयाची, आणि दिवस संपला म्हणजे खांचा मोजून तितकी शिक्षा करावयाची. हें वाचून गुरुजींचा राग येणें स्वाभाविक आहे. पण खरी हृदयद्रावक गोष्ट पुढेंच आहे. ती काठी पुष्कळदां आईबापांच्या संमतीनें चाले. घरींहि आईबाप मुलाच्या काठीवर खांचा पाडीत, म्हणजे शाळेंत हिशेब पुरा होई.

त्या आईबापांस निर्दय म्हणावयास जीभ वळत नाहीं. न्यायकचेरी इंग्रजींत, बाजार इंग्रजींत, आणि अमेरिकेस जाणाऱ्या जहाजाचें तिकीट ज्यास काढावयाचें त्याला तर इंग्रजीवांचून गत्यंतरच नव्हतें. डॅनियल ओकॉनेल हा त्या काळचा आयरिश जनतेचा सर्वश्रेष्ठ पुढारी. त्याची स्वतःची मातृभाषा आयरिश होती, आणि तरीहि व्यवहारास इंग्रजीच अधिक उपयोगी असें त्याचें स्पष्ट मत होतें. मुलाचें बरें व्हावें म्हणून बापानें आपली भाषा त्याच्यापासून लपवून ठेवली. आजोबा व आजी आपसांत आयरिश बोलत, आणि नातू समोर आला म्हणजे मोडक्यातोडक्या इंग्रजीवर येत, अशीं घरें त्या शतकांत हजारोंनीं झालीं.

त्यांतच 1845 च्या सप्टेंबरांत बटाट्यावर करपा पडला. गरीब आयरिश मजूर त्या वेळीं जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत असे. कष्टकरी पुरुष दिवसास पांच-सहा किलोपर्यंत बटाटे खात असे. शेतांत हिरवीं दिसणारीं रोपें कांहीं दिवसांत काळीं पडलीं, आणि जमिनींतील कंद कुजून गेले. 1852 पर्यंत या दुष्काळानें व त्याबरोबर आलेल्या तापानें सुमारें दहा लाख माणसें मेलीं, आणि दहा लाखांहून अधिक देशांतर करून गेलीं. त्याच काळांत आयर्लंडांतील धान्य व गुरें जहाजांत भरून इंग्लंडास जात होतीं, हें आयरिश मनुष्य अद्यापि विसरलेला नाहीं. 1841 च्या शिरगणतींत बेटाची वस्ती 81 लाख 75 हजार होती. आज दोन्ही भाग मिळून ती सुमारें 70 लाख आहे. दुष्काळानें सर्वांत अधिक झोडपला तो पश्चिमेकडील गरीब प्रदेश, आणि आयरिश भाषेचें माहेरहि तेंच होतें. म्हणून माणसांबरोबर भाषाहि मेली व परदेशीं गेली.

येथें एक गोष्ट भारतीय वाचकांनीं जाणून घेण्यासारखी आहे. या दुष्काळासाठीं बाहेर देशीं जे मदतनिधि उभारले गेले, त्यांतील अगदीं आरंभींचा निधि 1846 सालीं कलकत्त्यास जमला. 1847 सालीं अमेरिकेंतील चॉक्टॉ या आदिवासी लोकांनींहि वर्गणी पाठविली. त्यांस स्वतःच्या भूमींतून हांकून दिलें गेल्यास तेव्हां फारशीं वर्षें लोटलीं नव्हतीं. आयर्लंडांतील कॉर्क काउंटींत त्या दानाचें स्मारक आतां उभें आहे.

अशा इतिहासांतून आलेल्या लोकांच्या घरीं आज पाहुणा गेला, तर त्याच्यापुढें काय येतें? चहा. आयरिश लोक जगांतील मोठ्या चहाबाज लोकांपैकीं आहेत. आणि त्यांचा चहा आपल्यासारखाच कडक, दुधाचा, व कांहीं अंशीं आपल्या आसामच्या मळ्यांतून आलेला असतो. दुसऱ्या महायुद्धांत 1941 सालीं त्यांस माणशीं आठवड्यास अवघा अर्धा औंस चहा मिळूं लागला, आणि ती आठवण वृद्ध लोक पुढें वर्षानुवर्षें सांगत. परंतु चहापेक्षां तो देण्याघेण्याचा विधि अधिक मौजेचा आहे. यजमानीण विचारते, "चहा घ्याल ना?" पाहुणा म्हणतो, "नको, नको, आतांच झाला." ती पुन्हां आग्रह करते; तो पुन्हां नको म्हणतो, पण किंचित् हळू. तिसऱ्यांदा ती "अर्धाच कप" म्हणते, आणि तो "बरें, आपण करणारच असाल तर" म्हणून बसतो. सोबत पावाच्या चकत्या, लोणी आणि केक हीं ओघानेंच येतात. अमेरिकन पाहुणा पहिल्याच फेरीस "हो, द्या" म्हणतो, अथवा त्यानें नको म्हटलें तें खरेंच नको असतें, आणि दोन्ही प्रकारें घरची बाई गोंधळते. 1995 ते 1998 पर्यंत दूरचित्रवाणीवर गाजलेल्या 'फादर टेड' या विनोदी मालिकेंत मिसेस डॉईल नांवाची पात्ररूप घरव्यवस्थापिका याच आग्रहासाठीं सर्वांच्या तोंडीं झाली. कोंकणांतल्या अथवा देशावरच्या कोणत्याहि ओटीवर ती बाई परकी ठरली नसती.

आढ्यता मिरविणें हें तेथें फार मोठें असभ्यपण मानतात. कोणी कपड्याची स्तुति केली, तर "हा होय? जुनाच आहे, स्वस्तांत मिळाला" असें उत्तर तयार असतें. प्रकृति कशी आहे असें विचारल्यास "फारशी वाईट नाहीं" म्हणतात, आणि त्याचा अर्थ उत्तम आहे असा घ्यावयाचा असतो. उलट 'ग्रँड' हा इंग्रजींतील भव्यतेचा शब्द त्यांनीं इतका खालीं आणला आहे कीं, त्याचा अर्थ केवळ 'ठीक, चालेल' एवढाच उरला. बस थांबली म्हणजे उतरणारा प्रत्येक जण चालकाचे आभार मानून उतरतो. खेड्यांतील अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्या मोटारीचा मालक ओळखीचा असो वा नसो, चाक धरलेल्या हाताचें एक बोट वर होतेंच. ज्यानें तें बोट उचललें नाहीं तो परका, असें खुशाल समजावें.

हवेविषयीं बोलणें हाहि शिष्टाचाराचाच भाग आहे. आपल्या मुंबईस वर्षाचा बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आकाश मोकळें होतें. आयर्लंडांत तसा पावसाळा नाहीं. पश्चिम किनाऱ्यास वर्षांतून सुमारें 225 दिवस व पूर्व आणि आग्नेय किनाऱ्यास सुमारें 150 दिवस पाऊस पडतो, पण तो थोडाथोडा, बारीक, धुक्यासारखा. अशा दिवसास ते 'मऊ दिवस' म्हणतात. हेंहि मूळ आयरिश शब्दांचें भाषांतर. कपडे ओले करणाऱ्या पावसास मऊ म्हणणारे लोक स्वभावानें कुरकुर करणारे खास नव्हेत.

त्यांची निरोप घेण्याची रीत तर आपल्या दारांतल्या गप्पांची आठवण करून देते. "येतों" म्हटल्यावर उंबरठ्यावर अर्धा तास, फाटकाशीं आणखी थोडा वेळ. टेलिफोन ठेवतांना आयरिश मनुष्य 'बाय' हा शब्द एकदां म्हणून थांबत नाहीं. पांच-सहा वेळां, उत्तरोत्तर जलद व हळू आवाजांत म्हणत म्हणत तो फोन ठेवतो. मूळ आयरिश भाषेंत निरोपाचे शब्दच दोन आहेत. जाणारा राहणाऱ्यास म्हणतो, 'क्षेम तुझ्यापाशीं असो'. राहणारा जाणाऱ्यास म्हणतो, 'क्षेम तुझ्याबरोबर असो.' भेटतांना पहिला म्हणतो, 'देव तुला असो'. दुसरा त्यावर भर घालून म्हणतो, 'देव आणि मरिया तुला असोत.' घेतलेल्या आशीर्वादापेक्षां दिलेला थोडा मोठा असावा, ही त्यांतील खुबी.

मृत्यूच्या प्रसंगीं या लोकांचें शेजारधर्माचें बळ विशेष दिसतें. खेडोपाडीं मृतास पुष्कळदां घरींच ठेवतात, आणि दफनाच्या आदल्या रात्रीं गांव लोटतें. या रात्रीस 'वेक', म्हणजे जागरण, असें नांव आहे. जुन्या काळीं घरांतील घड्याळ बंद करीत, आरसा झांकीत आणि खिडकी उघडी ठेवीत. येणारा रांगेनें घरच्या प्रत्येकाचा हात हातांत घेतो, "तुमच्या दुःखाबद्दल वाईट वाटतें" असे ठरलेले चार शब्द बोलतो, मृताजवळ क्षणभर उभा राहतो, आणि मग स्वयंपाकघरांत जाऊन चहा घेतो. तेथें मृताच्या गोष्टी निघतात, हंसूंहि येतें. हें परक्यास विचित्र वाटतें. पण ज्या घरचा कर्ता गेला, त्या घरांत त्या रात्रीं कोणी एकटें बसलेलें नसतें. मुलांसहि अशा ठिकाणीं नेतात. कांहीं काउंट्यांत स्थानिक रेडिओवरून रोज मृतांचीं नांवें व अंत्यविधीची वेळ वाचून दाखवितात, आणि त्या वेळीं घरांतील बोलणें थांबतें. कारण कोणाच्या दफनास जावयाचें राहून गेलें, तर तें वर्षानुवर्षें लोकांच्या लक्षांत राहतें.

देशाच्या नकाशावरहि ती जुनी भाषाच पसरलेली आहे, फक्त वेष पालटून. 1824 पासून सरकारी मोजणीदारांनीं साऱ्या बेटाची पाहणी केली व गांवांचीं नांवें इंग्रजी वळणानें लिहून काढलीं. आयरिशमधील गांवाचें 'बॅली' झालें, मंदिराचें 'किल', काळ्या डोहाचें 'डब्लिन'. ज्यांनीं शिवेचें सायन आणि वांद्र्याचें बांद्रा झालेलें पाहिलें आहे, त्यांस हा प्रकार निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं.

पुढें जागृति झाली. डग्लस हाइड हा एका धर्मोपदेशकाचा मुलगा. त्यानें बालपणीं रॉसकॉमन काउंटींत शेजारच्या वृद्ध मंडळींकडून आयरिश शिकून घेतली, 1893 सालीं गेलिक लीग स्थापण्यांत पुढाकार घेतला, आणि 1938 सालीं तोच देशाचा पहिला अध्यक्ष झाला. 1937 च्या राज्यघटनेनें आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. शाळांत ती सर्वांस शिकवितात. फळ मात्र अपेक्षेइतकें आलें नाहीं. 2022 च्या शिरगणतींत सुमारें पावणेएकोणीस लाख लोकांनीं आपणांस आयरिश बोलतां येतें असें सांगितलें, पण शाळेबाहेर ती रोज बोलणारे अवघे सुमारें 72 हजार. पश्चिम किनाऱ्याच्या कांहीं भागांत ती अद्यापि घरची भाषा आहे. शहरांतील हजारों मुलें उन्हाळ्याच्या सुट्टींत तेथील कुटुंबांत राहावयास जातात, आणि तेथील 'बॅन अन टी', म्हणजे घरधनीण, त्यांस जेवूं घालतां घालतां भाषा शिकविते. व्याकरणाच्या पुस्तकानें जें साधलें नाहीं तें तिच्या पंक्तींत पुष्कळदां साधतें.

परंतु या सर्व खटपटींत विद्यार्थ्यांनीं केलेलें एक काम मला सर्वांत मोलाचें वाटतें. 1935 सालीं स्थापन झालेल्या आयरिश लोकसाहित्य मंडळानें 1937 ते 1939 या काळांत प्रजासत्ताकांत आज मोडणाऱ्या 26 काउंट्यांतील सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांस हाताशीं धरलें. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांनीं निबंध लिहावयाचे सोडून घरीं जावें, आजीआजोबांपाशीं अथवा शेजारच्या वृद्धांपाशीं बसावें, आणि ते सांगतील तें वहींत उतरून आणावें, अशी योजना होती. भाकरी कशी भाजीत, लोणी कसें काढीत, कोणत्या झऱ्याचें पाणी कोणत्या दुखण्यावर चालतें, पाऊस येणार हें कोणत्या पक्ष्यावरून ओळखावें, कोणत्या काटेरी झुडपास यक्षिणींच्या भयानें कोणी कुऱ्हाड लावीत नाहीं, उखाणे, खेळ, आणि दुष्काळांत या गांवांत कोण उपाशी मेलें: हें सारें मुलांनीं लिहून आणलें. ज्यांच्या गळ्यांत खांचांची काठी बांधली गेली होती, त्यांच्यापैकीं कांहीं जण तेव्हां हयात होते, आणि तीहि हकीकत या वह्यांत आली आहे. बहुतेक लेखन इंग्रजींत आहे, कारण लिहिणाऱ्यांस तेवढीच भाषा नीट येत होती. मधूनमधून एखादी म्हण किंवा प्रार्थना आयरिशमध्यें जशीच्या तशी येते. एकूण सुमारें 7 लाख 40 हजार पृष्ठें जमलीं. तीं डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत जतन केलेलीं आहेत, आणि आतां संगणकावर कोणासहि पाहतां येतात. गांवाचें व शाळेचें नांव घातलें कीं वहीचें पान समोर उघडतें; आणि आजच्या आयरिश मुलास आपल्या पणजीच्या बारा वर्षांच्या वळणदार अक्षरांत, तिच्या आजीनें तिला चुलीपाशीं सांगितलेली गोष्ट वाचावयास मिळते.